लोन्याच्या वाट्याची म्हैस

आबा कुणालाही "जेवलात का?" असं विचारत नसत. "दूध पिदं का?" असं विचारत. दारात पोस्टमन आला तरी तेच, केळीचा व्यापारी आला तरी तेच. एकदा घरात साप निघाला तेव्हा साप पकडायला आलेल्या माणसालाही, साप अजून पोत्यात जायचा होता तेवढ्यात, त्यांनी ओट्यावरून हाच प्रश्न केला. समोरच्याने "नाही" म्हटलं तर काठोकाठ भरलेला पितळी पेला यायचा. "हो" म्हटलं तर "मंग आनखी पी," म्हणून तोच पेला यायचा. "नको" हे उत्तर त्या घरात नव्हतंच. "नको" म्हणणाऱ्याकडे आबा असे पाहत, जणू तो चपला घालून देवघरात शिरला आहे.

आबा म्हणजे माझ्या ताईचे सासरे. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. केळीच्या बागा, थोडा कापूस आणि घरामागे म्हशींचा गोठा. कमाई केळीची, पण आबांचा जीव गोठ्यात. "केयी पोटसाठे, म्हैस इज्जतसाठे," असं ते म्हणत. बागेत मुलगा राबे, सालदार राबत; गोठ्यात मात्र दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. धार ते स्वतः काढत. जन्मभर धारा काढून त्यांच्या अंगठ्यांना शिंगासारखे घट्टे पडले होते. लाडाने ते लहान मुलांच्या गालावरून अंगठा फिरवत आणि मुलं भोकाड पसरत. मग आबा म्हणत, "दूध पी नही ऱ्हायना, म्हनीसन रडस." मूल कुठल्याही कारणाने रडो, आबांचं निदान ठरलेलं.

त्यांचं आणखी एक वचन गावात सगळ्यांना पाठ होतं. "ज्याना गोठामा म्हैस शे, त्याना घरमा डॉक्टर नही." हे वचन ऐकलं की माझ्या डोक्यात अजूनही तिडीक जाते. त्याची किंमत कुणी मोजली ते मी पाहिलं आहे.

मी धुळ्याला देवपुरात वाढले, आणि वाढले ती पत्रकांवर. वडील चळवळीतले. आमच्याकडे दाण्याची पुडी पत्रकाची, वहीचं कव्हर पत्रकाचं, आणि रात्री आई गोष्ट सांगायची तीही पत्रकातली. सुटीत ताईकडे जाताना माझ्या पिशवीत दोन कपडे आणि बाकी कागद असायचे. आबा ओट्यावरूनच हाक मारत, "उनी का पत्रकवाली? दूध पिदं का?" एकदा मी लहान मुलांच्या रक्तक्षयावरचं पत्रक नेलं होतं. वर काड्यांसारख्या हातापायांचं एक मूल आणि खाली ठळक अक्षरांत, 'दारिद्र्य हेच कारण'. आबांनी ते सगळं पत्रक मोठ्याने, एकेक शब्द चवीने घोळवत वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "छपाई चांगली शे." मग त्याच्या चार घड्या केल्या आणि दुभत्याच्या कपाटाच्या एका पायाखाली सारल्या. कपाट डुगडुगायचं थांबलं. आमच्या पत्रकाचा त्या गावात झालेला पहिला उपयोग तो.

आबांच्या बोलण्याचं एक तंत्र होतं. मन प्रसन्न असलं की अहिराणी. राग आला की एकदम कचेरीतली मराठी. "तू" चं "आपण" झालं की समजावं, आता पेलाही मिळणार नाही.

ताईला पहिली मुलगी झाली, सुमी. आबांनी पेढे वाटले नाहीत, पण तोंडही वाकडं केलं नाही. शेजाऱ्याची म्हैस व्यायल्याची बातमी जशी ऐकावी तशी ऐकली आणि गोठ्यात गेले. तीन वर्षांनी नातू झाला तेव्हा मात्र गाव हललं. त्या घराण्यात एक रीत होती. नातू जन्मला की गोठ्यातली सर्वांत चांगली म्हैस त्याच्या नावाने सोडायची. तिचं दूध त्याचं. ते विकायचं नाही, चहात घालायचं नाही, पाहुण्याला द्यायचं नाही. आबांनी चंद्री दिली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही म्हैस आबा सोडून सगळ्यांना शिंग दाखवायची. तिच्या दुधावर बोटभर जाड साय यायची आणि ती साय नातवाखेरीज दुसऱ्या कुणाला मिळत नसे. "साय मना लोन्यानी," असं आबा बजावून सांगत. मुलाचं पाळण्यातलं नाव काहीतरी लांबलचक होतं. आबांनी त्याला लोन्या म्हटलं, आणि तेच राहिलं.

लोन्या खरंच लोण्यासारखा होता. गुबगुबीत, पांढरा, मऊ. गावातल्या बाया यायच्या, त्याचे गाल ओढायच्या आणि म्हणायच्या, "आबाना नातू निस्ता लोनीना गोया शे!" आबांच्या मिशा फुलायच्या. भिंतीवर कुठल्याशा बियाणेवाल्याचं कॅलेंडर होतं, त्यावर रांगता बाळकृष्ण, तोही तसाच लोण्याचा. अक्का, म्हणजे ताईच्या सासूबाई, लोन्याला त्या कॅलेंडरखाली बसवून दृष्ट काढायच्या. त्या घरातली सगळी माणसं उन्हात रापलेली, काळीसावळी, कामाची. त्यांच्यात हे एक मूल पांढरंफटक निपजलं आणि कुणाला वाटलं नाही की हे असं कसं? उलट सगळ्यांना वाटलं, भाग्य उजळलं. गोऱ्या रंगाचं हे वेड माणसाला किती आंधळं करतं, यावर मी तेव्हा एक लेख लिहायला घेतला होता. तो लिहून झाला नाही. लेखापेक्षा मोठं काहीतरी समोर बसून दूध पीत होतं.

लोन्या दूध प्यायचा. सकाळी दूध, दुपारी दूध, झोपेतून उठवून दूध. दात आले तरी दातांना काम नव्हतं. सहा-सात महिन्यांचं मूल झालं की वरणाचं पाणी, मऊ भात, कुस्करलेली भाकरी सुरू करायची असते, हे ताईलाही माहीत होतं. ती घास पुढे करायची. लोन्या तोंड फिरवायचा, कारण पोट आधीच तट्ट भरलेलं. आणि त्याने तोंड फिरवलं की आबा पेला घेऊन हजर. "नको ना म्हनस तो. कसाले पोऱ्याले तरास?" अक्का दुपारच्या चहात बिस्किट बुडवून त्याला चाटवायच्या. त्याच्या खाण्यात दुधाबाहेर काही असलंच तर ते हे, अन्नातलं लोह अंगी लागू न देणाऱ्या चहाचं बोट.

आणि माती. लोन्या रांगायला लागला तसा माती खायला लागला. ओट्याचे पोपडे, चुलीजवळचा पोतेरा, आणि बागेत नेलं तर केळीच्या सरीतला ओला चिखल. मूठ भरून, डोळे मिटून, असा खायचा की बघणाऱ्याला वाटावं श्रीखंड आहे. मी ओरडले, "आबा, हे मूल माती खातंय! शरीराला काहीतरी कमी पडतंय त्याच्या!" आबा हसून कॅलेंडरकडे बोट दाखवत म्हणाले, "किस्नानी माती खादी नही का? त्याले कोनता डॉक्टरनी औषध दिधं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी यशोदेचं नाव घेतलं, ती रागावली होती म्हटलं. आबा म्हणाले, "रागावनी, पन दूध बंद कयं नही."

त्या घरातली खरी गंमत, म्हणजे खरा संताप, सुमीचा होता. तिच्या नावाची म्हैस नव्हती. तिच्या वाट्याला साय नव्हती, पेला नव्हता, कुणी मागे लागत नव्हतं. ती ताईच्या ताटाच्या कडेला बसायची आणि ताई जे खाई ते खायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मेथीची घोटलेली भाजी, वांग्याचं भरीत, ठेच्याचं बोट आणि वर पाणी. शेतात बायांबरोबर गेली की त्यांच्या फडक्यातलं खायची, कैऱ्या खायची, चिंच खायची, शेंगा खायची. ती माकडासारखी झाडावर चढे. तिच्या ओठांना रंग होता. त्या घरात मुलीवर उघड अन्याय होत होता आणि त्या अन्यायामुळे मुलगी धडधाकट होती. हे कोणत्या पत्रकात लिहायचं, सांगा? मुलीला मुलासारखं वागवा, असं आम्ही भिंतींवर रंगवत होतो. त्या घरात जाऊन मला ओरडावंसं वाटायचं की मुलाला मुलीसारखं वागवा हो, नाहीतर तो मरेल.

कमतरता जन्माआधीच सुरू झाली होती. ताईला दिवस गेले तेव्हा दोन्ही वेळी सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्या मिळाल्या होत्या. सुमीच्या वेळी कुणी लक्ष दिलं नव्हतं, म्हणून ताईने त्या मुकाट्याने खाल्ल्या. दुसऱ्या वेळी घरात नातवाची आशा. अक्कांनी गोळ्या काढून घेतल्या. "काया व्हई जाई पोऱ्या," म्हणाल्या, गोळ्यांनी पोर काळं होईल म्हणून. सगळ्या गोळ्या परसातल्या शेवग्याच्या बुडाशी गेल्या. तो शेवगा काय माजला होता! आणि त्याचा पाला, ज्याची भाजी पोरांना द्यावी, तो गुरांपुढे पडत होता. मी हे ताईकडून ऐकलं तेव्हा तिला विचारलं, तू बोलली का नाहीस? ताई भाकरी थापत होती. म्हणाली, "तू दोन दिवस बोलशील आणि एसटीत बसशील. मला इथंच भाकरी थापायचीय."

लोन्या दीड वर्षाचा झाला, दोनाकडे गेला, आणि चालेना. बसवलं की बसून राहायचा. रडणंसुद्धा बारीक झालं होतं. मी ताईच्या मागे लागून त्याला चोपड्याला डॉक्टरांकडे नेलं. आबाही आले. डॉक्टरांनी मुलाची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले, आणि म्हणाले, "रक्त फार कमी आहे. लोह नाही अंगात. दूध कमी करा, भाकरी-भाजी, डाळ द्या. हे थेंबांचं औषध चालू करा, आणि जंताचं औषध देऊ." आबा आमच्याबरोबर एसटी स्टँडवर आले. तिथे म्हणाले, "त्याना घरी म्हैस नही. म्हनीसन जळस तो."

औषध मात्र त्यांनी घेतलं, नातवासाठी. पण थेंबांनी मुलाची शी काळी झाली. ती होतेच, डॉक्टरांनी सांगितलंही होतं. अक्कांनी ते फडकं सगळ्या आळीला दाखवलं. औषधाने पोर आतून काळं पडतंय, आता बाहेरून पडेल. बाटली शेवग्याकडे गेली. दूध होतं तिथेच राहिलं.

आणि मग आबांनी त्यांचा तोडगा काढला. मी सकाळी चुलीपाशी गेले तर निखाऱ्यांत नांगराचा जुना फाळ घातलेला. लालबुंद झाल्यावर आबांनी तो चिमट्याने उचलला आणि चंद्रीच्या दुधाच्या तपेल्यात बुडवला. चर्र झालं, वाफ उठली, करपट वास घरभर पसरला. आबा विजयी चेहऱ्याने म्हणाले, "ल्या. लोखंड पाहिजे व्हतं ना डॉक्टरले?"

"आबा, असं लोखंड रक्तात जात नाही!"

"मंग कसं जास? तुना पत्रकमातून?"

मी त्या दिवशी फार बोलले. म्हशीची इज्जत मोठी की नातू मोठा, असं विचारलं. हे मूल गोरं नाही, ते रक्तावाचून पांढरं पडलंय, आणि तुम्ही सगळे मिळून त्याचं कौतुक करताय, असंही म्हणाले. ताई दाराआड पदर तोंडाशी धरून उभी होती. आबांनी फाळ खाली ठेवला, पंच्याने हात पुसले आणि म्हणाले, "आपण शिकलेल्या आहात. आपल्याला अधिक कळतं. पण आपण या घरी पाहुण्या आहात, तेव्हा आनंदाने राहावं." मला पेला आला नाही त्या दिवशी. लोन्याला आला, करपट वासाचा, आणि तो बिचारा तोही प्यायला.

मे महिन्यात केळी कापणीला आली तेव्हा लोन्याला ताप भरला. ताप साधाच असेल, पण त्या मुलात त्याला तोंड द्यायला काही उरलंच नव्हतं. छाती भात्यासारखी चालू लागली. ओठ कणकेच्या रंगाचे. ताई पहिल्यांदा आबांसमोर मोठ्याने बोलली. "याला जळगावला न्या. नाहीतर मी उचलून चालत निघते." बागेत केळीचा ट्रक भरून उभा होता. पुढे ताई, मांडीवर लोन्या आणि शेजारी आबा. मागे घडांमध्ये भाऊजी आणि मी. भर दुपारी ट्रक निघाला. आबांच्या हातात दुधाची किटली होती. घरातून निघताना माणूस चपला विसरला, टोपी विसरला, पण किटली विसरला नाही. मला मागे बसून रडावं की ट्रक थांबवून ती किटली तापीत फेकावी, कळेना.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पापणी ओढली आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्त ताबडतोब चढवावं लागेल म्हणाल्या, हळूहळू, कारण हृदय दमलेलं आहे. मग विचारलं, "काय खातो हा?"

"दूध," आबा ताठ उभे राहून म्हणाले.

"दुधाबरोबर?"

"साय."

"आणि?"

"लोणी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "माती खातो?" ताईने मान हलवली. "घरात आणखी मूल आहे?"

"मुलगी आहे," ताई म्हणाली.

"ती कशी आहे? ती काय खाते?"

हा प्रश्न बाईंनी आबांकडे बघून विचारला. गोठ्यातल्या प्रत्येक म्हशीला सरकी किती, ढेप किती, कुणाला हिरवा चारा सोसत नाही, हे सगळं आबांना तोंडपाठ होतं. नात काय खाते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"माझ्या ताटातलं खाते," ताई म्हणाली. "भाकरी, भाजी, डाळ. तिला काही झालेलं नाही."

"मग यालाही तेच द्यायचं," बाई म्हणाल्या. "आजोबा, याचं पोट रोज भरत होतं. पण दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दुधानेच पोट भरलं तर बाकीच्याला जागा राहत नाही. वर जंत आतून रक्त पितात. भरल्या घरात पोर उपाशी राहिलं तुमचं." आणि किटलीकडे बोट करून, "हे आधी बंद करा."

आबांनी बाही वर सरकवली. "माझं रक्त घ्या. दुधावर पोसलेलं आहे." बाई म्हणाल्या, तुमचं वय झालंय. भाऊजींचं घेतलं. आबा खाटेजवळ जमिनीवर बसले, किटली दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. जळगावचा तो मे महिना. भिंतीसुद्धा भाजत होत्या. दिवस कलताना किटलीतून आंबूस वास यायला लागला. आबांच्या हातचं दूध नासलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते उठले, आवारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी त्यांनी ते ओतलं, आणि नळावर किटली धूत राहिले. धुऊन झाली तरी धूतच राहिले. मी सबंध वर्षाचा राग घेऊन त्यांच्या मागे उभी होते, आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. शेवटी मीच नळ बंद केला.

रक्त चढलं. ओठांना रंग आला. डॉक्टरबाई फेरीला आल्या की पापणी ओढून पाहत, आणि आबा त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत. "लाल व्हयनं का?" एकदा बाई म्हणाल्या, "तुम्हीच बघा." आबांनी आपला तो खरखरीत अंगठा धोतराला पुसला आणि नातवाची पापणी ओढली. लोन्याने भोकाड पसरलं. खणखणीत. कितीतरी महिन्यांत त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. आबा तसेच मुलाकडे बघत बसले. दूध पिण्याबद्दल काही बोलले नाहीत.

घरी आलो तेव्हा अक्कांनी पेला भरून ठेवला होता. आबांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "सुमीना ताटमा बसाड त्याले." लोन्याने रडून घर डोक्यावर घेतलं. गोठ्यात चंद्री रेकायची, घरात हा रेकायचा, आणि आबा दोघांच्या मध्ये, अंगणात फेऱ्या मारायचे. लोन्या घास थुंकायचा. सुमी त्याचं नाक धरून कोंबायची. "खाय रे! नही तर सुई टोचतील!" औषध कपाटात कुलुपात गेलं आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली आली, भाज्या तिच्यात व्हायला लागल्या. मातीतले जंत पायातून शिरतात असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून आबांनी पोरांना जुन्या टायरच्या चपला करून आणल्या आणि अनवाणी बागेत जायची बंदी केली. लोन्याला दुधाचा अर्धा पेला ठरला, तोही जेवणानंतर. उरलेला अर्धा सुमीला. त्या घराण्यात मुलीच्या नावाने अर्धी का होईना, म्हैस प्रथमच आली. शेवग्याच्या पाल्याची भाजी मात्र कुणालाच आवडली नाही. आबांनी स्वतः तोंड वाकडं करत खाल्ली, म्हणून बाकीच्यांना खावी लागली.

आता कुणी म्हणेल, आबा बदलले. छे! दुधामुळे झालं, हे त्या माणसाने मरेपर्यंत कबूल केलं नाही. मी विषय काढला की म्हणत, "बठ्ठं गाव दूध पीस, बठ्ठं गाव आजारी पडनं का?" कधी म्हणत चंद्रीच्या दुधात कस नव्हता, कधी म्हणत फाळ जुना होता, नवा हवा होता. मी हात जोडायची. नातवाला मात्र त्यांनी जेवणाआधी दुधाचा थेंब दिला नाही. ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती गोष्ट इतकी काटेकोर पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्यांना नवं खूळ लागलं. पापण्या. ओट्यावरून कुणाचं मूल जाताना दिसलं की हाक मारायचे, अंगठा धोतराला पुसायचा, आणि पापणी खाली ओढायची. "फिकं शे. याले भाजी चार." गावातली पोरं आबांचा ओटा टाळून लांबून जायला लागली. भाऊजींच्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेले, तर पोह्यांची बशी हातात घेतलेल्या त्या मुलीची पापणी त्यांनी भर बैठकीत ओढली. अक्का कुजबुजल्या, "पोर गोरी शे हो." आबा खणखणीत आवाजात म्हणाले, "गोरी नही, फिकी शे. पहिले तिले खावाले द्या, मंग लगीन करा." मुलीकडचे उठून आत गेले. अक्कांनी डोक्याला हात लावला. मी तिथे होते. अपमान त्या मुलीचा झाला, तिच्या आईबापाचा व्हायला हवा होता, असं मी परतीच्या वाटेवर आबांना सुनावलं. ते म्हणाले, "बापनीच पापनी वढाले पाहिजे व्हती." पुढच्या वर्षी त्याच मुलीशी लग्न ठरलं. मधल्या काळात आबा तिच्या वडिलांना निरोपावर निरोप धाडत होते, भाजी देता का, गोळ्या देता का. ते निरोप तिच्याही कानावर गेले असणार. लग्नात ती मला म्हणाली, "हळद लावायच्या आधी त्यांनी पुन्हा पापणी पाहिली माझी."

लोन्या वाढला. शाळेत जायला लागला, केळीच्या बागेत उन्हात हुंदडून कोळशासारखा काळा झाला. गावात त्याला अजून लोन्याच म्हणतात आणि नवा माणूस ऐकून हसतो.

आबांना मी शेवटची भेटले तेव्हा ते वाकले होते, गोठ्यात भाऊजी धार काढत होते, आणि ते आबांना पाहवत नव्हतं. तरी मला सोडायला चोपड्याच्या स्टँडवर आलेच. गाडी लागली. मी खिडकीशी बसले. त्यांनी खालून खूण केली, वाक म्हणून. मी वाकले. त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि भर स्टँडवर, कंडक्टरसमोर, माझी पापणी ओढली. डोळ्यात पाणी आलं. तो अंगठा अजून तसाच होता.

"फिकी शे," आबा म्हणाले. "शहरमा काय खाई ऱ्हायनी तू? पत्रकं?"

कंडक्टर हसला. आबांनी खिडकीतून एक फडकं वर दिलं. आत कळण्याच्या भाकऱ्या, मेथीची भाजी, ठेचा. आणि एक बाटली. दुधाची. एवढं सगळं होऊनही, दुधाची. मी म्हणाले, "आबा, नको." त्यांनी ऐकलंच नाही. गाडी हलली तेव्हा ते ओरडून सांगत होते, "पहिले भाकर! मंग दूध!"

पावसाळा लागायच्या आत ते गेले.

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी, गाडीने अमळनेर सोडल्यावर मी भाकरी खाल्ली, मग चरफडत बाटलीचं बूच काढलं. दूध बाहेर येईना. वर बोटभर जाड साय बसली होती. ती साय आबांनी लोन्याखेरीज कुणाला दिली नव्हती. मी बोट घालून ती काढली आणि धुळं येईपर्यंत खात राहिले.